कडेबाहेरच्या रेघा

१० जानेवारी

खोली मिळाली. पहिला मजला, एक खिडकी, भिंतीला टेकून टेबल, एकच खुर्ची. पडद्याच्या दांडीचा डावीकडचा हुक निखळलाय, म्हणून पडदा त्या बाजूला तोंड पाडून लोंबतो. घरमालकीण म्हणाल्या, एकटीच ना तुम्ही, मग बास की. बासच आहे.

कामाची जागा चालत जाण्याइतकी जवळ. तिथे संगणकावर चालती चित्रं करतात. ब्रश नाही, ओळी लिहायच्या आणि त्या ओळींबरहुकूम पडद्यावर रेघा उमटतात. मी हे या वयात पुस्तकं वाचून शिकले म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे सर्कशीतल्या अस्वलाकडे बघावं तसं पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा तिशीतला गृहस्थ अखंड बोलतो, त्याला सगळे रेडिओ म्हणतात. त्याने विचारलं, काकू, काम काय दिलंय? म्हटलं, खिडक्या. तर म्हणतो, पुसायच्या? मी म्हटलं, पुसायचंच झालं तर आधी तुमचा चष्मा घेईन. सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी मीही हसले.

काम खरंच खिडक्यांचं आहे. इथला प्रोग्रॅम एकाच खिडकीत चित्र दाखवतो. प्रदर्शनात भिंतभर पडदे लागणार, तर एकाच वेळी अनेक खिडक्या उघडता आल्या पाहिजेत. रेडिओ म्हणाला, आधी स्वतःच्या एखाद्या छोट्या प्रोग्रॅमवर हात बसवा, आमचा मोडू नका म्हणजे झालं.

माझ्याकडे एकच आहे. यांचा.

१३ जानेवारी

हे पाट्या रंगवायचे. शिडी झेपेनाशी झाली तेव्हा संगणकाकडे वळले. शेवटच्या आजारपणात उशीला टेकून हा प्रोग्रॅम लिहिला. माऊस फिरेल तशी रेघ उमटते आणि हाताची प्रत्येक हालचाल आकड्यांत साठते. पुन्हा चालू केला की यांचा हात पहिल्यापासून चित्र काढायला लागतो. डावा हात, जरा थरथरता. आमचं स्वयंपाकघर, टेबल, दोन कप आणि पाठमोरे बसलेले हे स्वतः. हे गेल्यापासून रोज सकाळी चहा घेताना मी ते बघते. लेक फोनवर म्हणते, आई, किती दिवस असं करणार गं? मी म्हणते, चहा सुटेपर्यंत.

मध्येच रेघ डावीकडे खिडकीच्या कडेबाहेर जाते. बराच वेळ काही हलत नाही, मग हात परत येतो. मला वाटायचं, तेवढ्यात यांना डुलकी लागली असेल. आज साठवलेले आकडे उघडून पाहिले. तेवढ्या वेळात सगळे उणे आकडे आहेत, पानंच्या पानं. रेडिओला दाखवलं. तो म्हणाला, काकू, कडेबाहेर काढलेलंही काढलेलंच असतं. खिडकी तिथवर पोचत नाही, इतकंच.

म्हणजे हे काढत होते. मी रोज समोर बसून होते आणि मला दिसलं नाही.

१७ जानेवारी

दुसरी खिडकी उघडली. आधी नुसती काळी. चित्राचा कुठला भाग दाखवायचा ते प्रत्येक खिडकीला वेगळं सांगावं लागतं, ते मी विसरले होते. सांगितलं आणि तिला पहिलीच्या डावीकडे ठेवलं. हात कड ओलांडून गेला आणि तिथे रेघ सुरू झाली. आमच्या स्वयंपाकघराचं दार. दारापलीकडे बोळ. भिंतीला यांची शिडी, वरच्या पायरीला बांधलेल्या रंगाच्या चिंधीसकट.

तोंडावर हात दाबून रडले. लेकीला सांगितलं, तीही रडली. मग नाक ओढत म्हणाली, बरं झालं, आता पुरे कर. पण रेघ तिथेही थांबत नाही. अजून डावीकडे जाते.

२१ जानेवारी

तिसरी खिडकी. बोळ संपतो तिथे एक खोली आहे. भिंतीला टेकून टेबल, एक खुर्ची. पडदा एका बाजूला लोंबतोय.

ही खोली यांनी पाहिलेली नाही. मीच ती या महिन्यात पाहिली.

आकडे तपासले. डावीकडचे बोळातच संपतात. पुढे काढायला काही नाही, तरी रेघ चालू आहे. रेडिओ म्हणाला, काकू, भूत नाही हो, चूक आहे. सगळ्या खिडक्या एकच साठा वाटून घेतात, त्यात जुनं काहीतरी राहिलं असेल, पुसा. पुसायची ओळ घातली. खोली पुसली गेली. मग पुन्हा काढली गेली.

२४ जानेवारी

पहिल्या खिडकीतली खुर्ची रिकामी. हे दुसरीत आहेत. शिडीशी उभे, पाठमोरेच.

आनंद झाला. लिहायला लाज वाटत नाही. शेवटी शेवटी यांना उभंही राहता येत नव्हतं.

२७ जानेवारी

कप गेले. टेबलही. डावीकडे जेवढं नवं उमटतं तेवढं स्वयंपाकघरातून कमी होतं. लेकीकडे या प्रोग्रॅमची नक्कल आहे. तिचा घाबराघुबरा फोन आला. आई, माझ्याकडे नुसती खुर्ची उरलीय, तू काय केलंस? म्हटलं, बाबा इकडे येताहेत. ती ओरडलीच, बंद कर ते, आत्ताच्या आत्ता.

साठवलेले आकडे बघितले. सगळी शून्यं. हे आता फक्त उघड्या खिडक्यांत आहेत. मुख्य खिडकी बंद केली की सगळ्याच बंद होतात. म्हणजे हे पुन्हा जाणार, आणि या खेपेला माझ्या हाताने.

२९ जानेवारी

तिसऱ्या खिडकीत टेबलाशी एक बाई बसलीय. केस माझ्यासारखे बांधलेले. दारात हे.

सावलीच्या रेघा नीट बघितल्या. हे डावरे. यांच्या रेघा डावीकडून उजवीकडे उतरायच्या, पाट्यांवरसुद्धा. या उलट्या उतरतात. थरथरही नाही.

हात यांचा नाही. पाठ मात्र यांचीच —

३० जानेवारी

कामावर गेले नाही. रेडिओ येऊन दार वाजवत होता. काकू, बऱ्या आहात ना, प्रदर्शन गेलं खड्ड्यात. चांगला माणूस. उघडलं नाही. त्याला दिसलं असतं तर — नसतं दिसलं तर —

पहिली खिडकी कोरी. दुसरी कोरी.

३१ जानेवारी, दुपार

बाईच्या मागे उभा आहे. मी वळून पाहिलं. कोणी नाही. चित्रातली बाई वळली, जरा उशिराने.

बाण बंद करायच्या खुणेवर नेला. दाबलं नाही. एकदा जाताना पाहिलंय, पुन्हा नाही —

हे नसतील. कळतं मला. पण खोलीत कोणीतरी —

त्याने चित्रात दुसरी खुर्ची काढली. मी घरमालकिणीकडून मागून आणली. त्या म्हणाल्या, पाहुणे वाटतं? हो म्हटलं.

चेहरा काढतोय. कपाळ — भुवया — पुढे काही नाही. नुसत्या सावलीच्या रेघा, उलट्या —

चौथी खिडकी. मी उघडली नाही. सोफा, दिवा — लेकीचं घर. ती पाठमोरी, फोन कानाला. माझा फोन वाजतोय.

तिसऱ्या खिडकीतली त्याची खुर्ची रिकामी.

बंद करते. जा तुम्ही, मीच पाठवते — दाबतेय — बाण हलत नाही —

फोन घेतला. म्हटलं, बाळा, घराबाहेर पड आधी. ती ऐकत नाहीये. रडतेय की हसतेय — म्हणतेय, आई, थांब गं, दारात बाबा —