तीन राण्या सोडल्या तेव्हा

दि. ४ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू सुखरूप पोहोचल्याचं कळलं. इकडे तुझं कौतुक काही ओसरत नाही. आठ दिवसांची पाहुणी तू, रविवारी दुपारी काकांच्या शिवणकामाच्या दुकानात पोकरच्या एका डावाला बसलीस आणि काकांचं मन जिंकून गेलीस. तीन राण्या आणि दोन सत्त्या, म्हणजे चक्क फुल हाउस, सहसा न हरणारे पत्ते हातात असताना पालथे टाकलेस! पैशांऐवजी लावायला घेतलेली सगळी बटणं मी पुढे सारली, तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि डाव सोडलास. माझे पत्ते कुणी पाहिलेच नाहीत, ते तसेच गड्डीत गेले. तुझे मात्र काकांनी उलटून पाहिले, आणि तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला तेच ऐकवतायत. काल एका गृहस्थाची पँट टाचण्यांनी अर्धी टाचलेली आणि काका त्याला तुझ्या राण्या सांगतायत. बिचाऱ्याला हलताही येईना.

काकांचं म्हणणं, भारी पत्ते कधी सोडायचे हे ज्याला कळतं त्यालाच चांगल्या कापडावरून कात्री मागे घेता येते. खरं सांगू? मला झोंबलं. बावीस वर्षं मी त्यांच्या टेबलावर कापड कापतोय, पण एकदाही शाबास म्हणून पाठीवर हात पडला नाही. आणि आता ऐकतो की दुकान तुला द्यायचं ठरलंय, तसं पत्रही तुला गेलंय म्हणे. मला एका शब्दाने विचारलं नाही. तू मोठ्या कारखान्यात कटिंग मास्तर झालीस, आनंद आहे. पण इथेही तूच का गं?

एवढंच कळव, डाव का सोडलास?

वहिनी आठवण काढते. माया होती तेवढी राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझा,
दादा


दि. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडूच आलं. अरे, जळायचंच तर माझ्या मागे उभा राहा, माझा नंबर आधीचा आहे. लहानपणी काकांनी तुला स्टुलावर चढवून टेबलाशी उभं केलं आणि मला कोपऱ्यात काजं करायला बसवलं. मुलीच्या हातात कात्री देत नाहीत म्हणाले. मी काजं कमी करायची आणि तुझ्याकडे बघत जास्त बसायची. नुसता जळफळाट व्हायचा. म्हणून तर घर सोडून कारखान्यात आले.

बघून बघून तू मला पाठ झालायस. शंका असली की गळ्यातली टेप बोटांनी चाळत राहतोस. खात्री पटली की टेप काढून बाजूला ठेवतोस आणि मगच कात्री उचलतोस. त्यानंतर तुझं कापड वाया गेलेलं मी तरी पाहिलं नाही. त्या दिवशी बटणं सारण्याआधी तू टेप काढून ठेवलीस. मी मनात म्हटलं, संपलं, याचे पत्ते माझ्याहून भारी.

काकांचं पत्र आलंय, खरं आहे. त्या टेबलावर जन्मभर माझा डोळा होता, त्यामुळे नको म्हणताना जिवावर येतंय. पण काकांना माझा जो डाव एवढा आवडला, तो जिंकला होतास तू. सोबत त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे, दुकान दादालाच द्या म्हणून. तूच त्यांच्या हातात दे.

वहिनीला नमस्कार. रागाने का होईना, पण लिहीत जा.

तुझी,
चिंगी


दि. १९ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी चिठ्ठी चार दिवस माझ्या खिशात होती. काका समोर बसलेले, मी टेबलाशी. नुसता हात पुढे केला असता तर दुकान माझं झालं असतं.

पण चिंगे, त्या डावात माझ्या हातात काही नव्हतं गं. सगळी दुर्री-तिर्री, साधी जोडीसुद्धा नाही. काका तुझ्या शेजारी बसून तुझ्या कारखान्याच्या गोष्टी जिवाचे कान करून ऐकत होते, ते मला बघवेना. डोकं फिरलं आणि होती नव्हती ती बटणं ढकलून दिली. आणि टेप काढली ती तिच्यात अडकलेली टाचणी मानेला टोचत होती म्हणून.

तुमची हुशार पुतणी फसली, हे काकांना सांगायला त्या संध्याकाळपासून जीभ शिवशिवत होती. तुझ्या राण्यांची गिऱ्हाइकांसमोर काय शोभा झाली असती! पण तुझं पत्र आलं आणि माझं तोंडच बंद झालं. मी चुकणार नाही असं या घरात कुणाला तरी वाटत होतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

तरी हेवा वाटतोच, तो काही गेलेला नाही. एवढा मोठेपणा तुला जमतो, म्हणून जरा जास्तच वाटतो. पण टेबल मिळायचं तर काकांनी माझी कापणी बघून द्यावं. टाचणी टोचली म्हणून मिळालेलं मला पचणार नाही. तुझी चिठ्ठी या पत्रासोबत परत पाठवतोय. काकांना ती दाखवलेली नाही. आता सगळं खरं तुला कळलंय, त्यांना काय कळवायचं ते तूच ठरव.

जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात भारी पत्ते आले आणि मी ते सोडले. आणि समोर बसूनही काकांना नेमकं तेच दिसलं नाही.

तुझ्यावर जळणारा, तरी तुझाच,
दादा