शबानाच्या ब्लॉगची मोठी अक्षरं

मंगळवार, संध्याकाळ. पौड.

स्पर्धेला आलेले ब्लॉग आज वाचून संपवले. घोटावड्याच्या शबानाचा सगळ्यात आवडला. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, ती दुरुस्तीला आलेल्या कपड्यांबद्दल लिहिते. गेलेल्या नवऱ्याचा सदरा स्वतःच्या मापाचा करून घेणाऱ्या बाईबद्दल इतकं साधं लिहिलंय की मी दोनदा वाचलं. मांडणीचे गुण मात्र कापले. अक्षरं फारच मोठी. मग राहवेना, फोन केला.

“अब्बांना बारीक दिसत न्हाई,” शबाना म्हणाली. “त्यांच्यासाठीच तर लिहितीया.”

वाचणाऱ्याला नीट वाचता यावं, मांडणी म्हणजे आणखी काय असतं? बोलता बोलताच जुने गुण खोडले, पूर्ण दिले. तिला एवढंच म्हणाले, “लिहीत राहा.”

“अब्बा सोडत्यात व्हय? एक दिवस चुकला की दुकानात येऊन बसत्यात.”