पॅराशूटचं माप

ती. ताईस,

आठवीतून शाळा सुटल्यावर ज्याच्याबद्दल तू "जाऊ दे, हात तरी चालतात त्याचे" म्हणाली होतीस, त्या धाकट्याचा त्याच हातांनी साष्टांग नमस्कार. भावोजींना नमस्कार सांग. त्यांची पाठ कशी आहे? ते कपाट सरकवायला गेले आणि कपाट जागेवर राहून तेच सरकले, हे वाचून मला फार वाईट वाटलं (आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू). मी मजेत आहे. तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर, नोकरी टिकून. मला कशाचीही गरज नाही आणि हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तू निवांत वाचशील.

तू विचारलंस की कारखान्यात मी नक्की करतो काय. तर आमच्याकडे पुठ्ठ्याच्या नळ्या बनतात. कापडाचा तागा ज्या नळीवर गुंडाळलेला असतो, तीच ती. बाबांच्या शिंप्याच्या दुकानात शिवणाच्या मशीनमागे अशा नळ्यांचा ढीग असायचा, पण त्या येतात कुठून हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझं काम तपासणीचं. नळी उचलायची, एक डोळा मिटून दुसऱ्याने आरपार बघायचं, सरळ असली तर "पास"चा शिक्का, वाकडी असली तर रद्दीत. तीन वर्षं हेच केल्यामुळे एक डोळा बारीक करायची सवयच लागली आहे. (घरमालकीणबाईंनी एकदा "तुम्ही माझ्याकडे असं का बघता हो?" म्हणून विचारलं. नीट समजावून सांगेपर्यंत पंधरा दिवस मला चहा मिळाला नाही.)

आता तूच सांग, दिवसभर सरळ, हलकी, पोकळ नळी डोळ्याला लावून खिडकीतून आभाळाकडे बघणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? मी रॉकेट करायला लागलो. घाबरू नकोस, घर जाळायचं काम नाही. इथे दर रविवारी सकाळी मैदानावर रॉकेटवाल्यांचं मंडळ जमतं. त्यांचा म्होरक्या एक रिटायर घड्याळजी आहे, सगळे त्यांना काका म्हणतात. काकांचे नियम कडक. अंगठ्याएवढं इंजिन दुकानातून तयारच आणायचं, घरी दारू ठासायची नाही. पंधरा पावलं लांब उभं राहून बॅटरीचं बटण दाबायचं. रॉकेट सुळकन वर जातं, वर पोचल्यावर पोटात एक छोटा बार होतो, त्याने नाक उघडतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. काका म्हणतात, "वर काय, कुणीही जाईल. खाली कसा येतोस ते दाखव."

तिथेच माझी बोंब आहे.

पहिल्या रॉकेटला मी प्लॅस्टिकच्या पिशवीचं पॅराशूट लावलं आणि बाराची धग लागू नये म्हणून मध्ये कोंबायचा कागद कोंबायला विसरलो. वरून चघळून थुंकल्यासारखा एक गोळा आला आणि त्याच्यामागोमाग रॉकेट. दुसऱ्याच्या वेळी मैदानावर कुणाचा तरी सामना होता. काकांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं, पण मला कुठे दम निघतोय? मी कारखान्याच्या मागच्या पटांगणात एकट्यानेच उडवलं. रॉकेटला एक खोड असते, वारा जिकडून येईल तिकडे तोंड वळवायची. ते वळलं, पॅराशूटच्या दोऱ्यांचा गुंता झाला आणि छपराच्या उघड्या झरोक्यातून बरोबर खळीच्या पिंपात. सुट्टी होती म्हणून कुणाच्या डोक्यात पडलं नाही, एवढंच नशीब. दारांना कुलपं. मी गुपचूप घरी.

सोमवारी मशीन सुरू झालं. ते पिंपातली खळ कागदाला लावतं आणि कागद गुंडाळत जातं. त्याने खळीबरोबर वर आलेलं माझं रॉकेटही कागदाच्या थरांत गुंडाळलं. ती नळी पट्ट्यावरून माझ्यासमोर आली. बाहेरून तीन ठिकाणी पंख टरारून वर आलेले. आणि मी काय केलं असेल? उचलली, डोळा लावला, आरपार बघितलं, सरळ होती. शिक्का मारला, पास!

मुकादमाने ती माझ्या टेबलावर आणून आपटली. आमचा मुकादम आडदांड माणूस, आवाज मशीनच्या वर जाणारा. मला वाटलं, आता बोचकं बांधायचं. तो म्हणाला, "हे काय आहे?" मी म्हटलं, "रॉकेट." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "गेलं किती वर?" तेव्हापासून दर रविवारी तो माझ्या आधी मैदानावर हजर असतो. उलटे आकडे म्हणायचं काम त्याच्याकडे आहे. पाचावर आला की घाई होते आणि तो एकदम एकावर उडी मारतो.

पॅराशूट म्हटल्यावर तुला कोट आठवला असणार. तू तेव्हा सासरी होतीस, तुला बाबांचीच बाजू माहीत आहे, म्हणून माझी लिहितो. (बाजू नाहीच म्हणा, पण लिहितो.) तेव्हा मला रॉकेटचं नाही, नुसतं पॅराशूटचं वेड होतं, खाली दगड बांधून गच्चीवरून सोडायचं. हेडमास्तरांचा कोट शिवून तयार होता. ट्रायल झाली होती, इस्त्री तेवढी बाकी. आतलं अस्तर काय सुंदर होतं ताई, हातातून पाण्यासारखं निसटायचं. मी विचार केला, कोट आतून कोण बघतं? आणि पाठीकडचा एक गोल कापून घेतला. हेडमास्तरांनी भर सभेत उकडतंय म्हणून कोट काढला आणि सगळ्यांना दिसेल असा खुर्चीच्या पाठीवर उलटा टाकला. ज्या माणसाने मला दोनदा नापास केलं, त्याच्या कोटाला मी खिडकी पाडली. गाव आठवडाभर हसलं. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माझ्या दुकानातून असा कपडा बाहेर गेला." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी निघालो. त्यांनी जा म्हटलं नाही आणि ते थांब म्हणतात का, हे बघायला मी थांबलो नाही.

तर ते असो. आता मंडळाची स्पर्धा आहे, दोन महिन्यांनी. रॉकेटच्या नाकात कच्चं अंडं ठेवायचं, वर न्यायचं आणि न फोडता खाली आणायचं. माझी आजवर सात अंडी फुटली. घरमालकीणबाई आता मला अंडी मोजून देतात आणि देताना अंड्यांकडेच वाईट वाटल्यासारखं बघतात. वर जाण्यात मी मंडळात पहिला आहे, खुद्द काका म्हणतात. पण पॅराशूट मी शिवलं तर कडेचे धागे सुटून दोऱ्यांत अडकतात. इथल्या शिंप्याकडे नेलं तर त्याने "टोपी का?" म्हणून विचारलं आणि कडेला अशी जाड दुमड घातली की पॅराशूट उघडायच्या आधी जमिनीला पोचलं. मुकादम म्हणाला, "अरे, बारीक दुमड घालणारा तुझ्या ओळखीचा कुणी नाही का?" मी म्हटलं, नाही. त्याने डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं. (ही सवय लागण्यासारखी आहे.)

तू लिहिलंस, बाबा बरे आहेत, फक्त सुईत दोरा ओवायला आता रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारतात. त्यांना चष्म्याचा नंबर बघायला सांग. मी सांगितलं म्हणून नको, तू सांगतेस म्हणून. घरी यायचं म्हणशील तर तो विषय काढू नकोस. ते माझं नाव काढत नाहीत, मीही हट्टाने त्यांचाच मुलगा आहे. मी येणार नाही.

भाचीला पापा. भावोजींनी कपाटापासून लांब राहावं.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र बंद करता करता सुचलं म्हणून लिहितो, खास असं काही नाही. दुकानावरून जाशील तेव्हा बाबांना एक गिऱ्हाईक आलंय म्हणून सांग. माप त्यांच्या वहीत लिहितात तसंच देतो. घेर गोल, आरपार अठरा इंच. बाही नाही, खिसा नाही. गळा मधोमध, शर्टाच्या बटणाएवढा (हवा जायला). नाड्या आठ, सारख्या अंतरावर. कडेला त्यांची ती हातरुमालाची बारीक दुमड. माझं नाव सांगू नकोस. मापाचा एवढा तुकडा फाडून त्यांना दे, अक्षर ओळखलं तर ओळखू दे.

ता. क. दोन. पाकिटात घडी घातलेला गोल आहे, तो हरवू नकोस. हेडमास्तरांच्या अस्तराचा आहे. तीन वर्षं माझ्या पेटीत आहे, मी तो एकदाही उडवला नाही. प्रत्येक वेळी बाहेर काढायचो आणि परत ठेवायचो. कापड ज्या दुकानातलं आहे, तिथे जाऊ दे. त्यातूनच शिवलं तर उत्तम, नाही शिवलं तरी त्यांच्या हातात दे.

ता. क. तीन. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे, ट्रायल झाल्याशिवाय ते कपडा दुकानाबाहेर जाऊ देत नाहीत. तेव्हा ते विचारतीलच, गिऱ्हाईक ट्रायलला कधी येणार म्हणून. विचारलं, तर सांग, तुम्ही म्हणाल त्या दिवशी. आणि आल्यावर पाच-पन्नास सुया ओवून ठेवेन म्हणालाय, हेही सांग.