वाघदेवाचा ओंडका

प्रिय आबा,

काल दित्यादादा डोंगरातून आला होता. होळी झाली की आणतो तशी मोहाच्या फुलांची टोपली डोक्यावर. "मिस्तरी कोठे शे?" म्हणाला. तुम्ही दिवाळीतच गेलात, हे त्याला कोण कळवणार? म्हणून आज लिहायला बसले.

खांडबाऱ्याच्या पुढे जंगल तोडून कंपनीने लाकडाची गिरणी घातली, तेव्हा मी रांगत होते म्हणे. मला आठवतात त्या फळ्यांच्या खोल्यांच्या रांगा, एक दुकान आणि भोंगा. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. आईची शेगडी गिरणीतल्या भुशाची. मध्ये बाटली उभी करून ती भुसा ठासायची आणि शेगडी दुपारपर्यंत जळायची. केवढा तोरा होता तिला त्या शेगडीचा!

मग तो सागाचा ओंडका आला. सालीच्या खाचेत शेंदूर. ठेकेदाराने डोंगरातले वाघदेवाचे झाडच पाडले होते. त्यामागे चालत आलेला दित्यादादा फाटकाशी नुसता उभा होता. बोललात तुम्ही. "हाई लाकूड मी नही चिरावू."

मुख्य मिस्तरी तुम्ही! साहेबाने ते दुसऱ्याकडून चिरून घेतले आणि आपल्याला खोली सोडायला लावली. करवतीचे पाते मोडले नाही, कुणाला ताप आला नाही. वाघदेव गप्प बसला. आई कुठली बसते! "आते चूल काय वाघदेव पेटाडी का?" हे तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेत. तुम्ही बाजारात खाटा ठोकत राहिलात, आम्ही ओल्या काटक्या फुंकत राहिलो. आबा, निदान तिला एका शब्दाने विचारायचे होते ना?

पुढे जंगल संपले, कंपनी गेली. खोल्यांच्या फळ्याही लोकांनी उचलून नेल्या. दित्यादादाची टोपली मात्र त्या वर्षापासून कधी चुकली नाही.

काल सगळे कळल्यावर दित्यादादा ओट्यावरून उठला. मग टोपली उचलून निघाला. ज्याच्यासाठी आणली तो माणूसच नाही, तर ठेवायची कुणाकडे? तेवढ्यात आई आतून आली, तिने टोपली धरली आणि मला म्हणाली, "घरमा ठेव. तुन्हा बापनी कमाई शे ती."

आबा, मी रडले. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडले नव्हते.

टोपली रिकामी परत करायची नसते. पुढच्या होळीला गूळ भरून मी ती डोंगरात पोचवीन, हा माझा शब्द. आईला सांगितले, तर म्हणते, "मी बी येसू."

तुमची,
शकू