होळीला येऊ नका

प्रिय सरिता,

पत्र बघून दचकू नको, कुणी मेलेलं नाही. फोनवर माझं तोंड सुटतं आणि तू फोन सुदामच्या हातात देतेस, म्हणून कागद घेतला. होळीला तिघं येतो असं तो म्हणाला. तुला पाचवा महिना लागलाय हे मात्र त्याने गिळलं, ते मला दवाखान्याच्या आशाताईनं, भारतीनं सांगितलं. आईपासून चोरून ठेवायची सवय माझ्याच लेकाला लागावी!

तुम्ही चिखल्याला खोली घेतली त्याला तीन वर्षं झाली. इथे मी आणि एक कोंबडी. तीसुद्धा शेजारणीच्या, काळीच्या ओट्यावर जाऊन अंडी घालते. पहिलं वर्षभर मी सवयीनं चौघांचा भात टाकायचे आणि दोन दिवस तोच गिळायचे. आता मूठभर टाकते. भांडायलाही कुणी नाही. काळीशी भांडून बघितलं, ती लगेच हो म्हणते, मजा येत नाही.

खोकला हटेना म्हणून भारतीनं मला तलासरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तुझ्याएवढी पोरगी. चूल किती वर्षं फुंकली विचारते. म्हटलं, तुझ्या आईच्या जन्माआधीपासून. मग ती सांगत बसली, धूर बाईच्या छातीत थांबत नाही, रक्तात जातो, पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, त्याचा मेंदू घडत असतो त्यात खोडा घालू शकतो. मी विचारलं, माझा नातू नऊ वर्षांचा आहे, अक्षर लागत नाही, एका जागी बसत नाही, ते धुरानंच का? ती म्हणाली, एका पोराचं असं ठाम सांगता येत नाही आजी, कारणं बरीच असतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल, किंवा खरंच तसं असेल. पण बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले. भारती घाबरली, म्हणे आजी, चक्कर येतेय का?

तुला आठवत असेलच. चैत्या पोटात होता तेव्हा घरात गॅस आलेला. मी त्याच्यावर पिठाचे डबे मांडून ठेवले, कारण गॅसवरची भाकर मला पुळचट लागायची. पावसाळा सरेपर्यंत ओली लाकडं तू फुंकलीस. तू दाराशी जाऊन खोकायचीस आणि मी म्हणायचे, नाटकं. पुढे फाल्गुनात राब भाजायला घेतला. भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, पाला, गवत रचून मी वरच्या बाजूनं पेटवलं आणि विस्तव गवताच्या उडवीकडे पळू नये म्हणून ओला डहाळा देऊन तुला बांधावर उभी केली. वाऱ्याखाली. आठवा महिना होता. मी स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला होते.

या वर्षी माझा राब मी लावत नाही. भारतीच्या सांगण्यावरून गादीवाफा करणार आहे, त्यात काही जाळावं लागत नाही, काळी हसते तर हसू दे. पण खालच्या पाड्यापासून डोंगरापर्यंत होळीच्या आगेमागे सगळे राब पेटतात आणि धूर माझ्या अंगणात न विचारता येतो. तेव्हा येऊ नका. सुदामला सांग, आईनं बजावलंय. रुसून नाही. ज्वारीच्या पापड्या केल्यात, त्या भारतीबरोबर पाठवते.

आणि ज्यासाठी लिहायला बसले ते आता. शाळेत गुरुजींसमोर मी म्हटलं होतं, याच्या आईच्या माहेरचं रक्तच मंद. त्यानंतर तू महिनाभरात घर सोडलंस. चैत्या तेव्हा माझं बोट धरून उभा होता, त्याने सगळं ऐकलं. तू माझ्या वतीनं त्याला काही समजावू नको, तू मला सांभाळून घेशील. त्याला समोर बसव, हा कागद दाखव आणि मोठ्यानं वाच: तुझ्या आईच्या रक्तात काही खोट नाही. तिला धुरात तुझ्या आजीनं उभं केलं होतं.

तुझीच, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहिलेली सासू,
जिजा