चार नंबर फलाटावरची खिडकी

सोमवार, ६ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी आज एक प्लास्टिकची नळी दिली. तोंडात धरायची, जीव खाऊन एकदाच फुंकायचं, काटा थांबेल तो आकडा लिहायचा. सकाळी, दुपारी कामावर, रात्री. माझा पहिला आकडा २७०. 'तुमच्या वयाला चारशेच्या आसपास हवा. दोनशेच्या खाली गेला तर वाट बघायची नाही, थेट इथे यायचं. आणि आसपास धूर कुठे असतो तेही लिहा.' धूर कुठे असतो! मी बस डेपोत अनाउन्सर आहे म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मंगळवार, ७ जानेवारी

सकाळी २८०. दुपारी २१०.

'फलाट क्रमांक' म्हटलं आणि पुढचा आकडा खोकल्यात गेला. माइक चालूच! सगळ्या डेपोने माझा दमा ऐकला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मॅनेजरसाहेब वर आले. 'बाई, महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर तुम्हाला भांडारात देतो. तिथे बोलावं लागत नाही.' भांडारात टायर आहेत आणि उंदीर आहेत. मला माइकच हवा. एवढं लिहून ठेवते.

गुरुवार, ९ जानेवारी

२९०. २८०. २९०. धड लिहायलाही काही नाही.

शनिवार, ११ जानेवारी

दुपारी २०५. पंप दोनदा घेतला. रात्री बसूनच झोपले.

रविवार, १२ जानेवारी

सुट्टी. ३२०. भांडी घासताना गाणं म्हटलं. नवरा आतून ओरडला, 'अगं, गाडी किती वाजता सुटणार तेवढं सांग!'

मंगळवार, १४ जानेवारी

दुपारी १९५. थेट दवाखाना. वाफेचा मुखवटा लावून तासभर भिंत बघितली. नवरा ड्यूटी संपवून धावत आला, शर्टाची बटणं चुकलेली. सारखा म्हणत होता, 'या गावाची हवाच खराब झालीय.'

शनिवार, १८ जानेवारी

चार दिवस रजेवर. वही उलटून बघितली. आकडा पडतो तो मंगळवारी आणि शनिवारी, तोही दुपारीच. त्या दिवशी बाजार नाही, गर्दी नाही, गाड्या तेवढ्याच. मग ड्यूटीचा तक्ता आठवला. मंगळवारी आणि शनिवारी दोनची गाडी चार नंबरवरून सुटते. ड्रायव्हर – माझा नवरा.

माझी खोली चार नंबरला लागून, अर्धा जिना वर. तो अर्धा तास आधी येतो. सगळे गाडी तोंडाने लावतात, हा उलटी लावतो. म्हणजे आरशात मी दिसते! डबा खाताना ब्रेकचे दिवे दोनदा लावतो, मी खिडकी उघडून हात करते. अकरा वर्षं. इंजिन चालू. आणि धुराची नळी माझ्या खिडकीखाली.

कोणावर चिडायचं ते कळेना.

रविवार, १९ जानेवारी

सांगितलं. वही पुढे ठेवली. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, 'इंजिन बंद केलं की ब्रेकची हवा उतरते. जुनी गाडी आहे. परत भरायला वेळ लागतो.' मी म्हटलं, मला दवाखान्यात तास लागला. त्याने तोंड फुगवलं. वाईट वाटलं. पण सांगितलं नसतं तर जास्त वाईट झालं असतं.

मंगळवार, २१ जानेवारी

गाडी पार टोकाला, तोंडाने लावलेली. इंजिन बंद. स्वतः डबा घेऊन वर आला, धापा टाकत स्टुलावर बसला. मी माइकवर बोलत होते म्हणून बिचारा चावायचाही आवाज न करता जेवला. दुपारी २९०!

शनिवार, २५ जानेवारी

दुपारी ३००. आजही वर आला. बाकीचे ड्रायव्हर खालून शिट्ट्या मारतात. मारू देत.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मॅनेजरसाहेबांनी वही चाळली, म्हणाले, 'बरं, राहा इथेच.' माइक माझाच! फलाटावर पाटीही लागली – इंजिन बंद ठेवा. पाटीखालीच दोन गाड्या चालू उभ्या होत्या. मी माइकवरून दोन्ही गाड्यांचे नंबर पुकारले. बंद झाल्या.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी नवऱ्याने गमतीने नळी उचलली. 'आण, खरी छाती काय असते ते दाखवतो.' त्याच्या उंचीला साडेपाचशे हवा, नळीसोबतच्या तक्त्यात छापलंय. २३०. नीट धर म्हटलं. २३०. तिसऱ्यांदा २२०. 'बिघडलंय तुझं हे,' म्हणाला.

मी धुऊन घेतली, फुंकली. ३३०.