पांघरूण घालावं ते कुणावर

चि. भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद. खोकला गेला का? जाऊबाईंचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. तुमचे बंधू आहेत तसेच आहेत, म्हणजे खुर्चीत.

तुम्ही परदेशातून धाडलेलं रजयांचं गिऱ्हाईक पोचलं. ही ऑर्डर हुकली तर कामाची खोली सोडावी लागेल आणि शिवणाऱ्या बायका घरी बसतील, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही बजावलं होतंत, त्यांच्यात गप्प माणसाला मान असतो. (हे तुम्ही मला सांगावं!) तरी मी तोंडाला टाके घातले, बायकांना दम दिला, मशिनी बंद केल्या.

गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारेबुवा. त्यांनी निळी रजई मांडीवर घेतली, तिच्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बोलेनात, हलेनात. त्यांच्यासोबत आलेली दुभाषी मुलगी खाली चहा प्यायला गेलेली. मी वाट पाहिली. (मला वाट पाहता येत नाही, दूध तापेपर्यंतसुद्धा मी त्याला शिव्या घालते.) खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली पडायचं विसरल्यासारखे. वाटलं, लांबून आलाय बिचारा, डोळा लागला. उशी दिली, आडवं केलं, गळ्यापर्यंत रजई ओढली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, लहान पोरासारखं, आणि मग खरंच घोरायला लागले.

मीही भिंतीला टेकले. तर काय, रजई वाढत वाढत जिना उतरली, रस्ता झाकून समुद्रावर पसरली. गलबतं तिच्यातून सुयांसारखी वरखाली होत होती, आणि पल्याडच्या काठावर कुणीतरी दुसरं टोक धरून बसलं होतं. घाई कशाचीच नाही. भाऊजी, मला आणि घाई नाही!

दुभाषी मुलगी किंचाळली तेव्हा जाग आली. "काकू, काय केलंत हे! डोळे मिटून माल पारखायची रीत आहे त्यांची. आणि परक्यासमोर झोपणं म्हणजे त्यांच्यात अब्रू गेली!" (आमच्याकडे डोळे मिटून माल घेणाऱ्याला सरळ फसवतात.) म्हातारेबुवा लालबुंद. वाकवाकून माफी मागत जिना उतरले, रजई अंगावर तशीच. ऑर्डरीचं नाव नाही. मुलगी म्हणते, शरमेने आता पायरी चढायचे नाहीत.

असो. औषध वेळेवर घ्या, आशीर्वाद आहेतच.

तुमची वहिनी

ता. क. तुम्ही त्यांना फोन करून सांगा, आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानात झोपलं तर तो मालाचा सगळ्यात मोठा मान. जागं राहिलं तर मालकीण मनाला लावून घेते. अशी रीत नाही, हे मलाही कळतं. पण त्यांच्या रीती आपण पाळायच्या, तर आपली एखादी नवी त्यांनी पाळली म्हणून काय बिघडलं? मी पाहुण्यावर पांघरूण घातलं, तुम्ही माझ्यावर घाला.

आणखी एक. पाकीट चिकटवताना मुलगी निरोप घेऊन आली. म्हातारेबुवा लॉजवर रजई पांघरूनच बसलेत आणि विचारतात, इथल्या रिवाजाप्रमाणे ती परत कशी करायची? सांगा, आमच्यात अंगावर घातलेलं पांघरूण परत घेत नाहीत, आणि एकटंही नेऊ देत नाहीत. जोडीला दोनशे तरी न्यावी लागतात. नाहीतर झोप लागत नाही म्हणावं. कुणाला, ते सांगू नका.